कोटणीस आणि बसू : एका स्नेहाचा पुरावा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०-१९४२) यांचे चरित्र आपणांस बहुधा एकाकी वीराचे चरित्र म्हणून परिचित आहे. १९४६ साली आलेल्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ही प्रतिमा दृढ केली. साधनांकडे पाहता मात्र त्यांच्याशेजारी आणखी एक व्यक्ती सातत्याने दिसते. ती म्हणजे कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू.

सप्टेंबर १९३८ मध्ये राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू व कोटणीस. चीनमध्ये या पाचांच्या नावांना 'हुआ', म्हणजे चीन, हे एकच अंत्याक्षर जोडण्यात आले. कोटणीस 'ख-ती-हुआ' झाले, तर बसू 'पा-सू-हुआ'. चिनी कुटुंबांत सख्ख्या भावांच्या नावांत एक अक्षर समान ठेवण्याची रीत आहे, हे येथे सहज आठवते. पुढे चोळकर व मुखर्जी परतले, त्यांच्यामागून अटलही परतले. उरले ते दोघेच : एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची बंगाली.

विवाहाची व अपत्यजन्माची नोंद राहते. मैत्रीची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही. कोटणीसांचा क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये झालेला विवाह आणि १९४२ मध्ये जन्मलेला पुत्र इन्हुआ चरित्रकारांच्या दृष्टीस सहज पडले. या दोघांचा स्नेह मात्र शोधावा लागतो तो कृतीत. परतीची वाट मोकळी असता दोघेही राहिले आणि जपानविरोधी आघाडीच्या प्रदेशात गेले. १९४० मध्ये बसू येनानला परतले. कोटणीस आघाडीवरच राहिले व पुढे बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. हा वियोग कर्तव्यामुळे घडला, दुराव्यामुळे नव्हे, असे माझे मत आहे.

बसूंची रोजनिशी १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा उपयोग करताना अभ्यासकाने एक भेद अवश्य पाळावा : १९४० पर्यंतचे कोटणीस हे सहवासातून पाहिलेले आहेत, त्यानंतरचे दुरून ऐकलेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस अपस्माराने निवर्तले, तेव्हा बसू त्यांच्याजवळ नव्हते. पुढील वर्षी ते एकटेच स्वदेशी परतले.