सामंत (सावंत)

सामंत : सार्वभौम राजाचा अंकित, मांडलिक. संस्कृत ‘समन्त’ म्हणजे भोवतालचा, सीमेलगतचा. त्यावरून ‘सामन्त’ म्हणजे मुळात शेजारी. कौटिलीय अर्थशास्त्रात सामंत हा शेजारचा राजा असून तो कुणाच्या हाताखालचा नाही. मनुस्मृतीत शिवेच्या तंट्यात साक्षीला बोलवायचे ते लगतच्या गावांतले लोकही सामंतच. गुप्तकाळाच्या अखेरीस शब्दाला अंकितपणाचा अर्थ चिकटला, आणि सातव्या शतकातल्या बाणाच्या ‘हर्षचरिता’त तर हरलेले सामंत सम्राटावर चवऱ्या ढाळताना दिसतात. शेजाऱ्याला जिंकायचे, पण मुलूख त्याच्याकडेच ठेवून खंडणी आणि फौज घ्यायची, या रिवाजातूनच हा अर्थबदल झाला असावा.

सह्याद्री आणि समुद्र यांमधली सिंधुदुर्गाची पट्टी बहुतेक काळ अशाच अंकित घराण्यांकडे होती. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे खारेपाटणचा शके ९३० (इ. स. १००८) चा ताम्रपट. तो देणारा दक्षिण कोकणचा शिलाहार रट्टराज स्वतःला ‘मंडलिक’ म्हणवतो आणि चालुक्य सत्याश्रयाला धनी मानतो. पण स्वतःच्या वंशाआधी तो वंशावळ देतो ती राष्ट्रकूटांची. चालुक्य तैलपाने त्यांचे राज्य बुडवून तोवर पस्तीस वर्षे झाली होती! मूळपुरुष सणफुल्ल याला हा मुलूख राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने मिळाला होता, आणि ती आठवण घराण्याने नव्या धन्याच्या अमलातही तांब्यावर कोरून ठेवली. निष्ठेचा असा दस्तऐवज विरळा. हा ताम्रपट प्रथम प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. तेही याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे.

‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव झाले, तसे ‘सामंत’चे सावंत झाले. या रूपाला राज्याची प्रतिष्ठा दिली ती वाडीच्या सावंत-भोसल्यांनी. सुंदरवाडीची सावंतवाडी झाली ती त्यांच्यामुळे. विजापूरच्या आदिलशाहीचे हे देसाई. १६५९ मध्ये लखम सावंतांनी शिवाजी महाराजांशी तह केला : निम्मा वसूल महाराजांचा, उरलेल्या निम्म्यात सावंतांनी किल्ले राखायचे आणि तीन हजार पायदळ सज्ज ठेवायचे. सामंताची कर्तव्ये याहून नेमकी क्वचितच सापडतील. तह फार टिकला नाही, सावंत पुन्हा विजापूरकडे वळले. दोन बलाढ्य सत्तांच्या सीमेवर राहणाऱ्याला हे करावेच लागते. त्याला नुसते फितुरी म्हणणे अन्यायाचे आहे. १८१९ मध्ये त्यांनी इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले.

आज जिल्ह्यात दोन्ही रूपे आडनावे म्हणून नांदतात. सावंत मुख्यतः मराठ्यांत, सामंत कुडाळदेशकर व अन्य ब्राह्मण ज्ञातींत. १९८२ च्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मालवणजवळच्या देवबागचे. नुसत्या आडनावावरून पूर्वजांची राजसत्ता सिद्ध होत नाही, हे वंशावळी लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अष्टप्रधानांतला परराज्यव्यवहार पाहणारा ‘सुमंत’ वेगळा. त्याचा या शब्दाशी संबंध नाही. ‘सामंतशाही’ हा शब्द अलीकडचा. त्याच अर्थाने मराठीत ‘सरंजामशाही’ अधिक रुळला आहे, कारण फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख, म्हणजे सरंजाम, हीच मराठेशाहीतली प्रत्यक्ष व्यवस्था होती.