कम्युनिटी आणि इम्युनिटी
'कम्युनिटी' म्हणजे एका आवडीच्या माणसांचा गट, असं आपण सहज म्हणतो. पण मंडळी, या शब्दाच्या पोटात लॅटिन 'म्युनस' आहे. म्युनस म्हणजे कर्तव्य, गावकीचं काम, आणि देणगीसुद्धा! ते सगळ्यांत सामाईक असलं की 'कम्युनिस'. त्यातून सुटला तो 'इम्युनिस'. रोमन फौजेतल्या कारागीर सैनिकांना खंदक खणण्यासारख्या कष्टाच्या कामांतून सूट असे. त्यांना हेच नाव होतं. डॉक्टरांची 'इम्युनिटी' १९व्या शतकात इथूनच आली. आपली म्युनिसिपालिटीही याच घराण्यातली: म्युनस अंगावर घेणाऱ्यांची. आता सोसायटीच्या सभेत सगळ्यांनाच सूट हवी असते. मग कम्युनिटी उरणार कुठून? उरते ती नुसती वस्ती.