फ्लॉपीत राहिलेले शब्द

फ्लॉपी म्हणजे काय, हे आता मुलांना समजावून सांगावे लागते. संगणकावर मजकूर जतन करण्याच्या बटनावर जे चौकोनी चित्र दिसते, ती फ्लॉपी. आयबीएम कंपनीने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली. सोनी कंपनीने २०११ साली जपानमधील विक्री थांबवली. या चाळीस वर्षांत माणसांनी तिच्यात काय काय ठेवले आणि विसरून गेली!

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये अमिगा संगणकाच्या उद्‌घाटनाला गायिका डेबी हॅरी यांचे चित्र संगणकावर रंगवले. १९८७ साली ते वारले. त्यांच्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या संग्रहालयात पडून राहिल्या. त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकप्रेमी विद्यार्थ्यांनी वाचल्या आणि २०१४ साली त्यांतली चित्रे जगापुढे आली.

हे जमले कसे? फ्लॉपीच्या आत लोहभस्माचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पातळ चकती असते. लेपातल्या चुंबकत्वाची दिशा जिथे जिथे बदलते, त्या खुणांत मजकूर असतो. अमिगाची लिहिण्याची रीत वेगळी, त्यामुळे साध्या पीसीला ती वाचता येत नसे. क्रायोफ्लक्ससारखे नवे उपकरण मजकूर समजून घेण्याच्या भानगडीत पडत नाही. दोन खुणांमध्ये किती वेळ गेला, एवढेच ते टिपते. अर्थ लावण्याचे काम मागाहून संगणक करतो. वॉरहॉल यांच्या चित्रांची फाइलरचनाही अनोळखी निघाली. तीही विद्यार्थ्यांनी उलगडली.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक भाषा निराळी होती. आमच्या अम्मीच्या तोंडची दखनी लग्नगीते मी १९९६ साली देवनागरीत टाइप करून फ्लॉपीत ठेवली होती. पुढे वही पावसात गेली, अम्मीही गेली. गेल्या वर्षी एका तरुण मित्राने ती फ्लॉपी वाचून दिली. पडद्यावर उमटली ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुना फाँट शोधून लावला, तेव्हा कुठे हळदीचे गाणे दिसू लागले. शेवटची दोन कडवी मात्र आलीच नाहीत. तिथला लेप झिजला होता.

ती कडवी मला आठवत नाहीत. फ्लॉपीत आहेत म्हणून मी ती पाठ केली नव्हती. तुमच्या कपाटात अशी फ्लॉपी असेल, तर आजच बाहेर काढा. बुरशी दिसली तर घाईने ड्राइव्हमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. आणि घरातले कुणी जुने गाणे म्हणत असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.