आधी मासा, मग दोरा, शेवटी काठी: अल्ट्रालाइट गळाचा इतिहास कसा वाचायचा

सिनॉप्सिस लिहायला बसलं की बहुतेकांना आधी ‘पद्धत’ ठरवायची घाई असते. मुलाखती घेऊ, अभिलेखागारात जाऊ, सर्वेक्षण करू. प्रश्न मात्र धूसरच असतो. मासेमारीच्या दुकानातही असंच होतं. माणूस आधी काठी हातात घेतो, झुलवून बघतो, घेऊन टाकतो, आणि कोणता मासा धरायचाय हे घरी आल्यावर ठरवतो. आज गोड्या पाण्यातल्या ‘अल्ट्रालाइट’ म्हणजे अतिहलक्या साधनांबद्दल लिहितोय. ही साधनं ज्या क्रमाने निवडावीत आणि ज्या क्रमाने त्यांचा इतिहास घडला, त्यातून पुराव्याबद्दल बरंच शिकता येतं.

सुरुवात माशापासून करू. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, मांजरेवर केज तालुक्यात धनेगावचं. या पाण्यात कटला, रोहू, मृगळ हे सोडलेले मासे आहेत. जोडीला चिलापी, शिंगटा, डोकडा, मरळ, वाम. अतिहलकं साधन यातल्या तळहाताएवढ्या माशांसाठी: चिलापी, लहान शिंगटा, डोकडा, फार तर अर्धा-एक किलोचा रोहू. मरळ शेवाळात आणि गवतात राहते, तिचं तोंड टणक असतं, तिला जाड दोराच लागतो. आठ किलोचा कटला बारीक दोऱ्यावर तासभर खेळवणं यात शौर्य नाही. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

आता दोरा. आपल्याकडे नायलॉनच्या एकेरी धाग्याला ‘तंगूस’ म्हणतात. हलक्या कामाला 4 पौंडी, म्हणजे साधारण 1.8 किलोवर तुटणारा, 0.20 मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस पुरतो. विणलेला पॉलिथिलीनचा दोरा घ्यायचा तर पीई 0.6 बघा. त्याची जाडी जेमतेम 0.13 मिलिमीटर असते. तो ताणत नाही, त्यामुळे माशाने नुसतं टोचलं तरी बोटाला कळतं. पण दगडावर घासला की लवकर कातरतो, आणि बीडचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. धरणाच्या भिंतीला दगडी पिचिंग आणि पाण्याखाली वेड्या बाभळीची खोडं. म्हणून विणलेल्या दोऱ्याच्या टोकाला हातभर तंगूस किंवा फ्लोरोकार्बन जोडायचाच.

इथे इतिहासाकडे वळू, कारण सगळी गोष्ट या दोऱ्यात आहे. नायलॉनच्या आधी गळाजवळचा पारदर्शक तुकडा रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून करत. स्पेनमधला मुर्सिया हा प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता. किडा व्हिनेगरमध्ये भिजवायचा, ग्रंथी काढायची आणि ओढून तिचा धागा करायचा. एक तुकडा वीतभर-दीड वीतभर लांब, म्हणून गाठीवर गाठ. मुख्य दोरी विणलेल्या रेशमाची असे. ती पाणी धरायची, आणि वापरून झाल्यावर वाळवली नाही तर कुजायची.

रिळाची गोष्टही याच काळातली. जुन्या रिळात गळ फेकला की फिरकी स्वतः गरगर फिरते. दोन-तीन ग्रॅमचं आमिष ती जड फिरकी फिरवूच शकत नाही, म्हणून हलकं आमिष लांब जात नसे. ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 मध्ये वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं. फिरकी स्थिर ठेवायची आणि दोरा तिच्या कडेवरून सुटू द्यायचा, सूतगिरणीतल्या बॉबिनवरून सुटतो तसा. आज हजार-बाराशे रुपयांना मिळणारं स्पिनिंग रीळ याच तत्त्वावर चालतं.

आता प्रश्न बघा. इलिंगवर्थचं रीळ 1905 चं, मग अतिहलकी मासेमारी जगभर पसरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर कशी? मधली चाळीस वर्षं काय झालं? उत्तर पुन्हा दोऱ्यात आहे. ड्यू पाँट कंपनीने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं. एकसलग, गाठ नसलेला, न कुजणारा बारीक धागा स्वस्तात मिळू लागला, तेव्हा कुठे स्थिर फिरकीच्या रिळाला जोडीदार सापडला. 1950च्या दशकात इटलीच्या ‘अल्चेदो मिक्रॉन’सारखी मुठीत मावणारी रिळं नावाजली गेली. काठ्या आधी बांबूच्या, मग काचतंतूच्या, आणि 1970च्या दशकापासून कार्बनच्या झाल्या.

संशोधनाच्या दृष्टीने हा मुद्दा वहीत लिहून ठेवा: शोधाची तारीख आणि वापराची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंटच्या नोंदीतून पहिली कळते. दुसरीसाठी किमती, दुकानांचे कॅटलॉग, आयातीच्या नोंदी आणि लोकांच्या आठवणी शोधाव्या लागतात. ‘1905 मध्ये क्रांती झाली’ असं वाक्य प्रबंधात आलं, की व्हायवाला परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

काठीकडे येऊ. सहा फुटांची, दोन तुकड्यांची, बुडाशी ‘यूएल’ लिहिलेली आणि 1 ते 7 ग्रॅम आमिषासाठी असलेली काठी घ्या. रीळ 1000 आकाराचं. त्यात बेअरिंग किती आहेत यापेक्षा ड्रॅग झटका न देता सुटतो का, ते बघा. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा. 1.8 किलोच्या तंगुसाला हा हिशेब 450 ते 600 ग्रॅम येतो. घरीच तपासता येतं: अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोऱ्याला टांगा आणि काठी न वाकवता उचला. बाटली हळूहळू खाली सरकली तर ड्रॅग बरोबर. नुसती लटकून राहिली तर जास्त आवळलाय.

बांबूच्या काठीचा एक धागा आपल्याशी जुळतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या चिपा जोडून उंची काठ्या करत, आणि त्यासाठीचा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने इथून जात असे. म्हणजे साहेबाच्या हातातली काठी मुळात आपल्याच बांबूची. गोदाकाठचा पोरगा बांबूची फोक, दोरी, गळ आणि गांडूळ घेऊन बसतो, तेही अतिहलकं साधनच आहे. रीळ नाही, ड्रॅग नाही. माशाचा झटका बांबूचं वाकणारं शेंडकं झेलतं. त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही, म्हणून त्याला तारीख नाही.

आता लिखित साधनं काय सांगतात ते पाहू. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873 चं. त्याचा नायक महसीर. मग 1887 मध्ये त्यांनीच तळ्यांमधल्या मासेमारीवर ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ लिहिलं. पहिल्या पुस्तकाच्या साधनांमध्ये मैदानी मुलखातलं तळं मावत नव्हतं, असा निष्कर्ष मी काढतो. दोन्ही पुस्तकं हौशी साहेबांसाठी आहेत. मोठ्या गळाने मोठा मासा लागतो, आणि इतिहासातही तोच शिल्लक राहतो.

याच्या उलट उदाहरण कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचं. 1830च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दख्खनच्या माशांवर शोधनिबंध वाचला, आणि कितीतरी माशांना मराठी नावंच शास्त्रीय नाव म्हणून दिली. ‘मिस्टस सींगटी’मध्ये आपली शिंगटी आहे, ‘टॉर खुद्री’मध्ये खुद्री. ही नावं मासे धरणाऱ्यांच्या तोंडची. पण साइक्स कंपनी सरकारचे अधिकारी होते, त्यांचं सर्वेक्षण कंपनीच्या मुलखाचं. बीड तेव्हा निजामाकडे होतं, आणि 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिलं. मासा हद्द मानत नाही, अभिलेख मानतो. बीडवर काम करणार असाल तर पुण्या-मुंबईच्या कागदांवर थांबू नका. हैदराबादचे कागद आणि भोई-कोळी वस्त्यांमधली माणसं, दोन्ही गाठा.

नावांवरून एक सावधगिरी. जपानीत मासेमारीच्या दोऱ्याला ‘तेगुसु’ म्हणतात. ‘तंगूस’ त्यातूनच आला, असं लगेच लिहावंसं वाटतं. थांबा. उच्चार सारखा असला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही, फक्त प्रश्न मिळाला.

शेवटी आजचा प्रश्न. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपल्याला आठवतं. पाण्याच्या बातम्या भरपूर झाल्या. धरण आटतं तेव्हा त्यातले मासेही जातात, आणि पाऊस आल्यावर मत्स्यबीज, बोटुकली नव्याने सोडावी लागते. सोडलेला रोहू-कटला सरकारी नोंदीत येतो. डोकडा, शिंगटी आपोआप परतली का, हे नोंदवणारा रकाना तिथे नसतो. आणि तलाव ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. तुमची हौस हे त्यांचं पोट आहे. म्हणून आधी परवानगी, मग गळ. गळाचा काटा पक्कडीने दाबून घ्या, मासा ओल्या हातानेच धरा, आणि कोणता, किती लांब, कुठे, कोणत्या तारखेला हे लिहून ठेवा. अशा दहा वर्षांच्या वह्या साठल्या, की पुढचा संशोधक त्या तुमच्याकडे मागायला येईल.