युनिव्हर्सिटी १०१
महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना अभ्यासकौशल्ये व स्वतःची जबाबदारी ओळखणे शिकवणारा, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा अभ्यासक्रम. मे १९७० मधील विद्यार्थी-आंदोलनानंतर विद्यापीठाचे अध्यक्ष टॉमस जोन्स यांनी विद्यार्थी व विद्यापीठ यांच्यातील दुरावा कमी करण्यासाठी तो १९७२ मध्ये सुरू केला. १९७४ पासून जॉन गार्डनर यांनी त्याचा विस्तार केला. लहान वर्गांत वेळेचे नियोजन, टिपणे काढणे, ग्रंथालयाचा वापर व अडचणीत वेळीच मदत मागणे यांचा सराव करून घेतला जातो. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांची गळती मोठी असते. त्यामुळे हा आधार मोलाचा ठरतो. भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ हा परिचय कार्यक्रम २०१९ मध्ये मांडला.