भीष्मांनी सांगितलेली शिखंडीची गोष्ट

एडन थॉमस यांची ‘सिमेटरी बॉइज’ ही किशोरांसाठीची फँटसी २०२० मध्ये आली. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा याड्रिएल हा तिचा नायक. मृतात्म्यांना मार्गी लावण्याची विद्या त्याच्या घराण्यात चालत आलेली. पुरुषांची विद्या वेगळी, बायकांची वेगळी. याड्रिएल ट्रान्स मुलगा आहे आणि घरचे त्याला पुरुषांची दीक्षा द्यायला तयार नाहीत. मग तो ती स्वतःच घेतो.

पुण्यातल्या मित्रमंडळींशी या पुस्तकाबद्दल बोलताना मला दोन मतं पुन्हा पुन्हा ऐकू आली. एक, ‘गोष्ट मस्त आहे, पण हे सगळं तिकडचं.’ दुसरं, ‘जादूच्या गोष्टीत हा विषय मुद्दाम कशाला घुसवायचा?’ दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे : मुलगी म्हणून जन्मलेला नायक ही आजची, परक्या मुलखातली टूम आहे. ही समजूत तपासायला फार लांब जावं लागत नाही. लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत गेलं तरी पुरतं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी ते पूर्ण झालं. सत्तेचाळीस वर्षं. देशभरातून, काश्मीरपासून केरळपर्यंतच्या वेगवेगळ्या लिप्यांमधली १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. एकेक श्लोक कागदाच्या माथ्यावर लिहायचा आणि कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे ते खाली नोंदवत जायचं, अशी ती पद्धत. ज्याला पोथ्यांचा पुरेसा आधार नाही तो मजकूर मुख्य संहितेतून काढून तळटीपेत किंवा परिशिष्टात टाकला. प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर यांनी स्पष्टच सांगितलं होतं की ही व्यासांची मूळ प्रत नव्हे. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागं जाता येतं, तितकं मागचं हे रूप आहे.

या चाळणीतून खूप काही गळलं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, हा प्रसंग परिशिष्टात गेला. उर्वशीनं अर्जुनाला दिलेला शापही तिथेच गेला. शिखंडीची गोष्ट मात्र मुख्य संहितेत राहिली. सुशील कुमार डे यांनी संपादित केलेलं उद्योगपर्व १९४० मध्ये पूर्ण झालं. त्यात अंबोपाख्यान १७० ते १९७ या अध्यायांत आहे. त्याच सुमारास, १९२९ ते १९३६ या काळात, पुण्याच्याच चित्रशाळा प्रेसनं नीलकंठांच्या टीकेसह जुन्या परंपरेचं महाभारत छापलं. नीलकंठ सतराव्या शतकातले, मूळ कोपरगावच्या घराण्यातले, काशीत स्थायिक झालेले. म्हणजे एकाच शहरात एकाच वेळी दोन महाभारतं छापली जात होती. त्यांच्यात फरक पुष्कळ, पण शिखंडी दोन्हीकडे आहे.

आपल्याला ही गोष्ट माहीत असते ती एका ओळीत : शिखंडीला पुढे केलं आणि अर्जुनानं मागून बाण मारले. उद्योगपर्वात मात्र ती सावकाश उलगडते.

भीष्मांनी स्वयंवरातून पळवून आणलेली काशीराजाची थोरली मुलगी अंबा. तिचं मन शाल्वावर. भीष्म तिला परत पाठवतात, पण शाल्व स्वीकारत नाही. कुठलंच घर उरत नाही तेव्हा ती तपाला बसते. शंकर प्रसन्न होण्याआधी ती ऋषींना जे सांगते त्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. तिला सूड तर हवाच आहे, पण बाईपणाचाही आपल्याला वीट आला आहे आणि पुरुषत्वच हवं आहे, असं ती म्हणते. ते मिळेल आणि नव्या देहात सगळं आठवेल, असा वर घेऊन ती अग्नीत शिरते.

ती द्रुपदाच्या घरी जन्मते. आईवडील मुलगा झाल्याचं जाहीर करतात, मुलाचे संस्कार करतात, नाव ठेवतात शिखंडी. चित्रकला आणि इतर कला शिकून झाल्यावर धनुर्विद्येसाठी थेट द्रोणांकडे पाठवतात. मग दशार्ण देशाच्या राजकन्येशी लग्न होतं आणि गुपित फुटतं. सासरा हिरण्यवर्मा चिडून सैन्यासह चालून येतो. आपल्यामुळे आईबापांवर ही वेळ आली म्हणून शिखंडी जीव द्यायला रानात जातो. तिथे स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाचं घर आहे. यक्ष विचारतो, तुझं काय काम आहे ते सांग, मी करतो. सगळं ऐकल्यावर तो ठरावीक मुदतीसाठी आपलं पुरुषत्व देतो आणि शिखंडीचं स्त्रीत्व घेतो.

हिरण्यवर्मा खात्री करून घ्यायला तरुण स्त्रिया पाठवतो. त्या ‘पुरुष आहे’ असा निर्वाळा देतात आणि सोयरीक टिकते. इकडे कुबेर यक्षाला शाप देतो की शिखंडी मरेपर्यंत तू असाच राहशील. याचा पत्ता नसलेला शिखंडी ठरल्या वेळी उसना देह परत करायला हजर होतो. माझ्या लेखी हा त्या गोष्टीतला सर्वांत सुंदर क्षण आहे. सर्वस्व हातात आलेलं असताना हा तरुण शब्द पाळायला आलेला असतो. यक्ष खूश होतो आणि त्याला निर्धास्त परत पाठवतो.

या एकाच गोष्टीत शिखंडीबद्दलची तीन मतं आहेत. यक्ष विश्वास ठेवतो. हिरण्यवर्मा तपासणी करतो आणि मग मान्य करतो. भीष्म कशानंही मान्य करत नाहीत. आणि गंमत अशी की ही सगळी गोष्ट आपल्याला सांगताहेत भीष्मच. शिखंडीला का मारणार नाही, असं दुर्योधन विचारतो, त्याचं हे उत्तर आहे. द्रुपदाच्या राज्यात आपण आंधळ्या-बहिऱ्यांचं सोंग घेतलेले हेर ठेवले होते, हेही ते सांगून टाकतात. पांडवांच्या बाजूचे योद्धे मोजताना याच भीष्मांनी शिखंडीला प्रमुख रथींत धरलेलं असतं. तरी त्यांचा नियम ठाम : स्त्रीवर, आधी स्त्री असलेल्यावर, स्त्रीचं नाव किंवा रूप असलेल्यावर बाण टाकायचा नाही. म्हणजे काहीही घडो, जन्माची नोंद तीच खरी.

शिखंडीचा स्वतःचा आवाज ऐकायला भीष्मपर्वातल्या दहाव्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. भीष्म हसून म्हणतात, तू ती शिखंडिनीच आहेस, तुझ्याशी मी लढणार नाही. शिखंडी वाद घालत बसत नाही. तुमचा पराक्रम मला ठाऊक आहे, तरी मी लढणार, हे जग शेवटचं पाहून घ्या, असं तो सुनावतो. असं बोलणारा माणूस नुसती ढाल कसा? भीष्म पडल्यावरही तो युद्ध संपेपर्यंत लढतो आणि अठराव्या दिवसानंतरच्या रात्री अश्वत्थाम्याच्या तलवारीनं मारला जातो.

मराठीनं मात्र भीष्मांचं मत उचललं. आपल्याकडे ‘शिखंडी’ ही शिवी आहे. राजकारणातल्या भांडणात ती सर्रास वापरतात : भित्रा, नामर्द, दुसऱ्याला आडोसा देणारा. अर्जुनाचं तसं झालं नाही. तो विराटाच्या घरी वर्षभर बृहन्नडा होऊन राहिला, वेणी घातली, राजकन्येला नाच शिकवला. ‘बृहन्नडा’ म्हणून कुणी टोमणा मारलाच, तरी अर्जुनाच्या शौर्याला त्यानं धक्का लागत नाही.

फरक कुठे आहे? मला वाटतं, मुदतीत. अर्जुन वर्षानं परत येतो. बालगंधर्वांची भामिनी पाहायला लोकांनी गर्दी केली, बायकांनी त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल केली, पुण्यात १९६८ मध्ये त्यांच्या नावानं रंगमंदिर उभं राहिलं. पण पडदा पडला की ते नारायणराव राजहंस होते. परत येणारा बदल आपण कौतुकानं पाहतो. शिखंडी परत येत नाही. तो परत यायला तयार होता, पण त्याला तसं राहायला मिळालं, आणि मग त्याच्या नावाची शिवी झाली.

पुण्यातच इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) भीष्मांना देव्हाऱ्यातून खाली उतरवलं आणि त्यांच्यापायी कुरुकुळातल्या स्त्रियांचं काय झालं याचा हिशेब मांडला. तो हिशेब शिखंडीपर्यंत पुढे न्यायला हवा.

एक सावधगिरी मात्र हवी. शिखंडीला आजच्या अर्थानं ‘ट्रान्स’ म्हणून टाकणं घाईचं होईल. त्याला मुलगा म्हणून वाढवण्याचा निर्णय आईबापांचा होता, आणि तो रानात गेला तो त्यांच्यावरच्या संकटामुळे. पण अंबेची इच्छा, द्रोणांकडचं शिक्षण, दहाव्या दिवसाचं उत्तर या गोष्टीही संहितेत आहेत. मराठीत तर लेखकाला पळवाटच नाही. ‘गेला’ की ‘गेली’, हे प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. मी जन्मापर्यंत ‘ती’ लिहिलं आणि शिखंडी हे नाव मिळाल्यावर ‘तो’. भीष्मांनी याला आक्षेप घेतला असता.

हा वाद पोथीपुरता नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ज्याची त्यानं ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. २०१९ च्या कायद्यानं ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायला लावला. निकाल यक्षाच्या जवळचा होता, कायदा हिरण्यवर्म्याच्या. आणि भीष्म तर आपल्याला रोजच भेटतात : वर्गात, बसमध्ये, घर भाड्यानं मागायला गेल्यावर.

तेव्हा ‘हे तिकडचं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला याड्रिएलची बाजू पटवत बसू नका. उद्योगपर्वातले ते अठ्ठावीस अध्याय वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर एवढंच विचारा : गोष्ट भीष्मांनी सांगितली म्हणून मतही त्यांचंच का घ्यायचं? यक्षाचं का नाही?