बिघाडाची नक्कल : गिटारचा विवर्धक ते संगणक

विज्ञानाच्या प्रश्नांबरोबर आमच्याकडे कधीकधी खरेदीचे प्रश्नही येतात. इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, "घरी वाजवायला मॉडेलरची पेटी घेऊ, की संगणकात प्लग-इन टाकून भागवू?" घरात संगणक एकच, तोही ताईच्या अभ्यासाचा. साठवलेले पैसे दोहोंपैकी एकालाच पुरतील इतके. दुकानदाराने पेटी सुचवली होती, मित्राने प्लग-इन. दोघेही म्हणत होते, "आवाज अगदी खऱ्यासारखा येतो." पण खऱ्यासारखा म्हणजे कशासारखा? उत्तर शोधताना आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

तार, चुंबक आणि व्हॉल्व्ह

लोखंडी तार चुंबकाजवळ थरथरली की शेजारच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने 1831 साली दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचाच हा प्रकार. शंभर वर्षांनी, 1931-32 च्या सुमारास, अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी या तत्त्वावर गिटार बनवली. तिचा संकेत फार क्षीण असल्याने अँप्लिफायर, म्हणजे विवर्धक, आवश्यक होता. आणि त्या काळी विवर्धक म्हणजे निर्वात नलिका. आपल्याकडच्या जुन्या पिढीने व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेला आहे. बटण दाबल्यावर आवाज यायला काही सेकंद लागत, कारण आतील तंतू तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नसत.

व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या प्रवाहाला दोन मर्यादा असतात. तो शून्याखाली जाऊ शकत नाही आणि एका कमाल मूल्यापुढे वाढू शकत नाही. संकेत फार मोठा झाला, की तरंगाचे माथे आणि तळ दाबले जातात. तरंगाचा आकार बदलला म्हणजे त्यात नव्या वारंवारता आल्या. समजा 110 हर्ट्झचा शुद्ध स्वर दिला आणि वरची-खालची बाजू सारखीच दाबली गेली, तर 330, 550, 770 हर्ट्झ असे विषम पटीतले अधिस्वर निर्माण होतात. दोन्ही बाजू असमान दाबल्या, तर 220, 440 असे सम पटीतलेही येतात. यालाच विरूपण म्हणतात. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता, आणि तो कमी करण्यासाठी त्यांनी बरेच कष्ट घेतले होते.

दोषाचे गुण झाले

वादकांचे मत मात्र निराळे पडले. 1951 साली मेम्फिस येथे 'रॉकेट 88' या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. विवर्धक वाटेत खराब झाला होता. कसा, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. पण त्याचा घोगरा आवाज तसाच ठेवण्यात आला. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ध्वनिमुद्रण यंत्रातील बिघाडामुळे गिटार चक्क गुरगुरली. अभियंता ग्लेन स्नॉडी याने या बिघाडाचा अभ्यास केला, आणि त्यातून 1962 साली मेस्ट्रो 'फझ-टोन' ही छोटी पेटी बाजारात आली. ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम बिघाड घडवणे हे तिचे काम! 1964 साली इंग्लंडमध्ये किंक्स या वृंदाच्या डेव्ह डेव्हिसने दाढीच्या पात्याने ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदाच कापला. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने फझ-टोनचा आवाज जगभर पोचवला.

आपल्याला याचे नवल वाटू नये. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला किंचित घासत राहते आणि अधिस्वर फुलतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी याच गोष्टीवर 1921 च्या सुमारास निबंध लिहिला होता. घासणारी तार दोष की गुण, हे ऐकणाऱ्याच्या हेतूवर ठरते.

शेजाऱ्यांचा प्रश्न

अडचण अशी, की व्हॉल्व्हमधून हा आवाज काढायचा तर विवर्धक मोठ्याने वाजवावा लागे. सभागृहात ते ठीक, घरात नव्हे. बॉस्टन या वृंदाचा गिटारवादक टॉम शोल्झ हा एम.आय.टी.त शिकलेला यंत्र अभियंता. त्याने 1982 साली 'रॉकमन' आणला. पट्ट्याला अडकवण्याजोगी ही पेटी कानावरच्या हेडफोनमध्ये मोठ्या विवर्धकाचा भास निर्माण करी. घरी वाजवणाऱ्याची गरज ओळखणारे हे साधन पूर्णपणे अनुरूप, म्हणजे अ‍ॅनलॉग, परिपथांचे होते.

पुढची पायरी गणिताची. ध्वनीचे सेकंदाला 44,100 नमुने घ्यायचे आणि प्रत्येक आकड्यावर 'व्हॉल्व्ह येथे किती दाबला असता' हे सूत्र चालवायचे. ऐकायला सोपे, पण त्यात एक खोच आहे. 5,000 हर्ट्झचा सातवा अधिस्वर 35,000 हर्ट्झ. 44,100 च्या निम्म्याहून वरची वारंवारता या आकड्यांत मावत नाही. ती मागे दुमडते आणि 44,100 वजा 35,000, म्हणजे 9,100 हर्ट्झ म्हणून ऐकू येते. मूळ स्वराशी तिचे काही नाते नसल्याने ती कानाला खुपते. उपाय म्हणजे आत तात्पुरते अनेक पट नमुने घेणे. म्हणजेच आणखी आकडेमोड, आणि तीही थांबायला वेळ नसताना.

एकच गणित, दोन घरे

रोलंड कंपनीचा व्हीजी-8 हा 1995 साली आला. नंतर 1998 साली कॅलिफोर्नियातील लाइन 6 या कंपनीने दोन वस्तू आणल्या. एक 'अँप फार्म' नावाचे प्लग-इन. दुसरी 'पॉड' ही लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची पेटी. पेटी आणि प्लग-इन यांचे उगमस्थान असे एकच आहे. गंमत म्हणजे अँप फार्मही संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर चालत नसे. त्यासाठी संगणकात खास संकेत-प्रक्रियकांची पाटी बसवावी लागे. घरगुती संगणक वेगवान झाल्यावर, 2002 च्या 'अँप्लीट्यूब'सारख्या प्लग-इनने हे काम मुख्य प्रक्रियकावर आणले. आता 2020 नंतर तर खऱ्या विवर्धकाचे ध्वनी ऐकवून कृत्रिम चेताजाल शिकवतात. अशी विनामूल्य आज्ञावलीही मिळते, आणि पेट्यांमध्येही तेच तंत्र आले आहे.

मग फरक उरतो कुठे? वेळेत. पेटीतील प्रक्रियकाला एकच काम असते. संगणक मात्र एकाच वेळी पडदा, जाळे, छपाई सगळे सांभाळतो. म्हणून तो नमुन्यांचा साठा करून सवडीने हाताळतो. 128 नमुन्यांच्या साठ्याला 2.9 मिलिसेकंद लागतात. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून 5.8. साठा 512 चा केला तर सुमारे 23 मिलिसेकंद. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे पहिल्या बाबतीत विवर्धक दोन मीटरवर ठेवल्यासारखे वाटेल, दुसऱ्यात जवळजवळ आठ मीटरवर. हा हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे.

दुसरा फरक आयुष्याचा. 2019 मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीने 32 बिटच्या आज्ञावली चालवणे बंद केले, आणि विकत घेतलेली कितीतरी जुनी प्लग-इन त्या प्रणालीवर मुकी झाली. पेटीला असा धोका कमी. पण तिचे बटण झिजते, आणि तिच्यात नवे गणित भरण्याला मर्यादा असते.

आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले, "आवाजावरून ठरवू नकोस, तो दोन्हीकडे चांगला मिळेल. संगणक तुझ्या हातात रोज किती वेळ येतो ते आधी मोज. मग विनामूल्य आज्ञावली घाल, साठा 512 वरून 128 वर आण, आणि आवाज तुटतो का ते ऐक." आठवड्याने तो परत आला. आवाज तुटत नव्हता, पण संगणक रात्री दहानंतरच मोकळा होत होता. त्याने जुनी वापरलेली पेटी घेतली. ताईची परीक्षा तेव्हा दोन महिन्यांवर आली होती.